भागीदार

परभणीत पेट्रोल भरायला येणाऱ्या माणसांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मशीनवरचा दर बघून शिवी हासडतो. यात अख्खा जिल्हा आला. दुसऱ्या प्रकारात भागीदार एकटेच. ते आपली एम-एटी स्टँडला लावतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, दर नीट वाचतात आणि लेकरानं शाळेत पहिला नंबर काढल्यासारखं हसून म्हणतात, "बरं चाललंय कंपनीचं."

त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे आणि सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत आहे. या दोन कागदांच्या बाहेर ते सगळ्यांचे भागीदार. कधीतरी एका भाच्यानं त्यांचं डिमॅट खातं काढून इंडियन ऑइलचे दहा शेअर घेऊन दिले. २०२२ मध्ये कंपनीनं दोनाला एक असा बोनस दिला, दहाचे पंधरा झाले आणि भागीदारांनी गल्लीत पेढे वाटले. पेढ्यांचा खर्च पाच शेअरांच्या किमतीहून जास्त झाला, ही गोष्ट काकू अजून विसरलेल्या नाहीत. कंपनीचे एकूण शेअर १,४१२ कोटींच्या आसपास. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त भारत सरकारचे. उरलेल्यात ओएनजीसी, आयुर्विमा महामंडळ अशी बडी मंडळी आणि आमचे हे. "कंपनी कुनाची म्हनलं तर दोघांची," ते सांगतात. "सरकारची आन आपली. बाकीचे काय, आज हायत, उद्या इकून मोकळे."

मला ते सर म्हणतात. परभणीत ज्याच्या खिशाला पेन दिसतो तो सर.

पेट्रोलची महागाई हा त्यांच्या भागीदारीचा पाया आहे, म्हणून तो जरा उकरून दाखवतो. परभणीचं पेट्रोल देशभर गाजलं ते २०१८च्या सप्टेंबरात. मुंबईच्या आधी इथं नव्वदी ओलांडली. २०२१च्या मे महिन्यात शंभरीही मुंबईच्या आधी ओलांडली. टीव्हीवाले कॅमेरे घेऊन पंपावर आले, आणि एरवी रेल्वेच्या दुहेरी मार्गासाठी कंठशोष करूनही ज्या गावाकडं कुणी बघत नव्हतं ते गाव रोज बातम्यांत दिसायला लागलं. कारण साधं आहे. आपला टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशे किलोमीटरच्या आसपास. ते भाडं लिटराला चिकटतं आणि राज्याचा व्हॅट त्या भाड्यासकट बसतो. म्हणजे अंतराचे पैसे आपण द्यायचे आणि अंतरावरचा करही आपणच भरायचा.

भागीदारांना यात अन्याय दिसत नाही. "मुंबईवाल्यापेक्षा आपून लिटरमागं रुपया-दीड रुपया जास्त घालायलोत," ते म्हणाले. "हा जास्तीचा पैसा कुठं जायलाय? कंपनी सोलरमधी घालायलीय, इथेनॉलमधी घालायलीय. म्हंजे ते सोलर कुनाचं?"

"टँकरवाल्याचं," मी म्हणालो.

"तुमाला शेअर मार्केट कळत न्हाई, सर."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी काढली आणि कौतुकानं काढली की टिंगलीनं, यावर गावात पुष्कळ मतं आहेत. भागीदारांच्या मते ती सोलरवर आहे. जर्मनीनं २००० मध्ये कायदा करून छपरावरच्या विजेला वीस वर्षं ठरल्या भावाची हमी दिली आणि पुढं बरीच वर्षं तो देश सोलर बसवण्यात जगात पहिला राहिला, हे त्यांना पाठ आहे. "तिथं ऊन पडलं की लोक कौतुकानं बागेत जाऊन पडायलेत. आपल्याकडं ४४-४५. मग पहिला नंबर कुनाचा पाहिजे?" हा प्रश्न ते मे महिन्यात, भर दुपारी, ओट्यावर उभं राहून विचारतात. माणूस होकार देतो आणि सावलीत पळतो.

तेलवाले सूर्याच्या नादी लागतात हे त्यांना आपल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, हे मात्र मान्य करायला हवं. टाटा आणि ब्रिटिश पेट्रोलियम यांनी मिळून १९८९ मध्ये बंगळूरला टाटा बीपी सोलर काढली. भागीदारांनी नव्वदच्या दशकात तिचा कंदील आणला. त्यावरची 'बीपी' ही अक्षरं वाचून त्यांच्या आईनं तो कंदील कित्येक महिने उशाला ठेवला आणि डोकं हलकं वाटतंय असंही सांगितलं. अमेरिकेतल्या एक्सॉननं तर १९७३ मध्येच सोलर पॅनेलच्या कंपनीत पैसे घातले होते. त्या पॅनेलांना सुरुवातीची गिऱ्हाइकं कुठली मिळाली? मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे फलाट. समुद्रात रात्री जहाज येऊन आदळू नये म्हणून त्यांच्यावर इशाऱ्याचे दिवे लागत, ते चालवायला. सूर्याला तेलाच्या घरी नोकरी लागली ती वॉचमनची. पुढं दहा-बारा वर्षांत एक्सॉन त्या धंद्यातून बाहेर पडली. ब्रिटिश पेट्रोलियमनं २००० मध्ये आपल्या नावाला सूर्यफुलाचं चिन्ह लावलं आणि २०११च्या डिसेंबरात सोलर सोडलं. बंगळूरची कंपनी पूर्णपणे टाटांकडं आली.

"कामून सोडलं असंल?" भागीदारांनी विचारलं होतं.

"परवडलं नसेल."

"पन सूर्य तर तितंच हाय की!"

याला उत्तर नव्हतं. कंदील अजून माळ्यावर आहे.

आता मोगली एरंड. भागीदारांसमोर हा विषय मी सहसा काढत नाही, पण ते स्वतःच काढतात. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं अहवाल दिला: पडीक जमिनीवर मोगली एरंड लावा, बियांचं तेल काढा, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळू. देशभर या झाडाचं वारं सुटलं. पाणी लागत नाही, खत लागत नाही, जनावर तोंड लावत नाही. भागीदारांची मानवत तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली थोडी भिजती जमीन आहे आणि कालव्याच्या वरच्या अंगाला दोन एकर माळ. माळावर त्यांनी मोगली एरंड लावला. तेवढ्यात २००७ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमनं डी-वन ऑइल्स नावाच्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि चार वर्षांत दहा लाख हेक्टरवर हेच झाड लावायचं जाहीर केलं. छत्तीसगडात इंडियन ऑइल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोघींनी राज्य सरकारच्या संस्थेबरोबर याच झाडासाठी कंपन्या काढल्या. दहा लाख हेक्टरच्या बातमीचं कात्रण भागीदारांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि १८ मेला कृषी विद्यापीठात खरिपाचा मेळावा भरतो तिथं नेऊन भेटेल त्याला दाखवलं. बाकी शेतकरी सोयाबीनचं बियाणं मिळवायला रांगेत, हे रांगेच्या कडेनं एकेकाला विचारायलेत, "दहा लाख हेक्टर अधिक दोन एकर किती झाले?"

सांगितलेलं सगळं खरं निघालं. पाणी दिलं नाही तरी झाड जगलं. खत घातलं नाही तरी वाढलं. जनावरानं तोंड लावलं नाही. बी मात्र लागलं नाही. लागलं ते दीड पोतं, आणि ते घेऊन भागीदार मोंढ्यात गेले तेव्हा आडत्यानं मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे काय औषधाचं हाय का?" अडचण साधी होती आणि ती जगभर एकसारखी निघाली: पाण्यावाचून हे झाड जगतं, पण पाण्यावाचून दाणा देत नाही, आणि पाणी द्यायचंच तर माणूस कापसाला देईल. २००९ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियम त्या भागीदारीतून बाहेर पडली. दोन वर्षांत आत आणि बाहेर. भागीदारांना असं बाहेर कसं पडता येणार? झाडं त्यांच्या बांधावर उभी होती. कंपनी गेली, कुंपण राहिलं. गुरं त्याला भिऊन असतात. रोही भीत नाहीत. ते वरून उडी मारतात.

ते दीड पोतंही वाया जाऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, ही माहिती त्यांना कुठूनशी मिळाली. गावच्या घाण्यावाल्यानं घाणा विटाळेल म्हणून बिया गाळायला नकार दिला. मग भागीदारांनी घरातलं शेंगदाण्याचं तेल नेऊन विहिरीवरच्या जुन्या इंजिनात ओतलं. इंजिन चाललं, खरंच चाललं. शिवारभर पापड तळल्याचा वास सुटला आणि शेजारचे दोघंतिघं कुणाकडं कार्य आहे ते बघायला आले. काकू मात्र तळलं नाही, फोडणी नाही अशा भाज्या आठवडाभर करत राहिल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "तेल इंजिनाला पाजलंय. मानसाचं नंतर बघू म्हनलेत."

इथेनॉलच्या बाबतीत मात्र भागीदारांचे ग्रह जरा बरे आहेत. त्यांचा दीड एकर ऊस कारखान्याला जातो. उसाची साखर होते, मळीचं इथेनॉल होतं, ते तेल कंपन्या घेतात आणि डेपोत पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२२च्या जूनमध्ये देशात दहा टक्के मिश्रण झालं, २०२३च्या ६ फेब्रुवारीला वीस टक्क्यांचं पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्केही गाठले. आपल्या उसाचं इथेनॉल टँकरनं पानेवाडीला जातं, पेट्रोलमध्ये मिसळून पुन्हा तीनशे किलोमीटर परत येतं, असं भागीदारांनी मनाशी पक्कं धरलंय. "म्हंजे माझाच ऊस मला एम-एटीत भेटायलाय," ते भारावून म्हणतात. जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि त्यावरचा कर हा हिशोब मी करून दाखवला, तर म्हणाले, "लेक सासरहून आली की आपून एसटीचं तिकीट मोजतो का?"

एम-एटीचा अनुभव वेगळा आहे. इथेनॉलमध्ये लिटरामागं पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात वीस टक्के मिश्रणानं दुचाकीचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटेल असा अंदाज होता. पण तो अंदाज बांधताना भागीदारांची टू-स्ट्रोक एम-एटी कुणाच्या डोळ्यासमोर नसावी. ती आता सकाळी किक मारता मारता भागीदारांना घाम आणते. "ऊस पचायला येळ लागतोय तिला," ते कौतुकानं सांगतात.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी भागीदारांचा ऊस कारखान्याला गेलाच नाही, गुरांपुढं गेला. एवढ्या तहानलेल्या मुलखात गाडीची टाकी उसानं भरायची हे मला पटत नाही, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगतो. ते ऐकून घेतात. "पानी मी पेतोय का? ऊस पेतोय. ऊस कोन पेतंय? कंपनी. मग पाण्याचं बिल कुनाला लावायचं?" भागीदारीत फक्त नफ्याची वाटणी असते, अशी त्यांची समजूत आहे.

एकदाच त्यांना तडा गेलेला मी पाहिला. २०२३च्या ७ डिसेंबरला केंद्रानं हुकूम काढला: पाऊस कमी, साखर कमी पडेल, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका. कारखान्यांनी इथेनॉलसाठी कर्ज काढून यंत्रं बसवली होती. ती बघत बसली. थोड्या सवलतीनंतर २०२४च्या २९ ऑगस्टला बंदी उठली. मधल्या काळात भागीदार पंपावर जाऊन दर वाचायचे, पण हसायचे नाहीत. "एका भागीदारानं दुसऱ्याला न विचारता असं करायचं नसतंय," एवढंच म्हणाले. सरकारला दुसरा भागीदार आहे हे माहीत नाही, ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

पानिपतला २०२२च्या १० ऑगस्टला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल. हे वाचून त्यांनी त्या वर्षी पऱ्हाट्या जाळू दिल्या नाहीत, ढीग लावून ठेवला. थंडीत काकूंनी तो पाणी तापवायला संपवला. २०१८च्या योजनेतून गवत आणि शेणापासून गॅस करायचे पाच हजार कारखाने २०२३-२४ पर्यंत उभे राहणार होते, त्यातली शंभरीही तोवर गाठली नाही. पण भागीदारांच्या माळावर नेपियर गवताचे चार वाफे आहेत. म्हैस खाते. दूध वाढलंय.

सौर पंपाबद्दल मी थट्टा करत नाही. दहा टक्के रक्कम भरून, बाकी केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानातून, त्यांच्या विहिरीवर पाच एचपीचा सोलर बसला. त्याआधी शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची. बॅटरी घेऊन चिखलात दारं धरायची, कुठं पाय पडतोय ते दिसत नाही, साप-विंचू, आणि घरी काकू जाग्या. आता दिवसा मोटार चालते आणि रात्री भागीदार घोरतात. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या ऊर्जाप्रकरणांत चाललेलं असं हे एकच, आणि नेमका याच्यात तेल कंपनीचा एक रुपया नाही. हे मी त्यांना दोनदा समजावलं. "सरकार आन मी भागीदार हाव ना?" ते म्हणाले. "मग सरकारनं घातलं काय आन कंपनीनं घातलं काय!" रोज सकाळी जुन्या धोतरानं ते पॅनेल पुसतात. माळाच्या दोन एकरावर सौर प्रकल्प यावा म्हणूनही त्यांनी अर्ज केला, कारण सरकार अशा जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं देतं. पण जमीन सबस्टेशनच्या जवळ लागते, आणि यांच्या माळाच्या जवळ फक्त मोगली एरंड आहे.

२०२२च्या जूनमध्ये इंडियन ऑइलनं 'सूर्य नूतन' नावाची सोलर चूल दाखवली. छपरावर पॅनेल, शेगडी घरात, सूर्य मावळल्यावरही स्वयंपाक. भागीदार दुसऱ्या दिवशी गॅस एजन्सीत हजर. काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "ओटीपी आलाय का?" ओटीपी आला नव्हता. घरी काकूंनी चित्र बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि एकच विचारलं, "भाकर फुगती का याच्यावर?" तो प्रश्न भागीदारांनी इंग्रजीत लिहून कंपनीला पाठवायला माझ्याकडं आणला. भाकर फुगणं याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला सुचलं नाही, पत्र राहिलं.

२०२५च्या फेब्रुवारीत ब्रिटिश पेट्रोलियमनं जाहीर केलं की सोलर-वाऱ्यातली गुंतवणूक घटवणार आणि तेल-गॅसमधली वाढवून वर्षाला दहा अब्ज डॉलर करणार. मी पेपर घेऊन मुद्दाम गेलो, जरा दुष्टपणानंच. त्यांनी बातमी दोनदा वाचली. "इंग्रजाचं आसंच," ते म्हणाले. "दीडशे वर्षं ऱ्हाऊन गेला की न्हाई? आपल्या कंपनीचं तसं न्हाई. २०४६ला कार्बनचा हिशोब फेडते म्हनलीय." २०४६ मध्ये भागीदार नव्वदीला टेकलेले असतील. तोवर पंधरा शेअर विकायचे नाहीत असं त्यांनी नातवाकडून कबूल करून घेतलंय.

सध्या विमानाचं चाललंय. पानिपतच्या रिफायनरीत वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन करायचं कंपनीनं ठरवलंय, २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं. तळून तळून तेलातली खराबी पंचवीस टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासून नियम आहे, आणि असं तेल हॉटेलांतून गोळा करून इंधनासाठी द्यावं अशी योजना. भागीदारांनी पंधरा लिटरचे दोन डबे घासून घेतले, एम-एटीला दोन्ही अंगांनी बांधले आणि मला मागं बसवून बसस्थानकाजवळच्या भजेवाल्याकडं नेलं. कढईतलं तेल काळंभोर होतं. त्यात भजी बुडाली की दिसेनाशी होत.

"ह्यानं इमान उडनार हाय," भागीदार त्याला म्हणाले. "वापरून झालेलं तेल हाय का?"

भजेवाल्यानं झारा थांबवला, कढईत डोकावून बघितलं आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं, "झालं की कळवतो, काका. हे दसऱ्याला वतलेलं हाय, आत्ताशी कुठं चव धरायलंय."

भागीदारांनी खिशातली डायरी काढून 'दसरा' असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि माल तपासून घ्यायला दोन प्लेट भजी सांगितली.